आढ्यावरून मारलेली हाक

एकदा एक मुलगा आपल्या आईच्या अंत्ययात्रेला उशिरा पोचला.

ही गोष्ट कोरिया देशातली आणि फार जुनी. विद्वान तरुण राजधानीत परीक्षा देऊन राजाच्या सेवेत जात, आणि गावामागच्या डोंगरउतारावर पूर्वजांच्या थडग्यांचे गोल, हिरवळीने झाकलेले उंचवटे असत, त्या काळातली. मुलाचे नाव ग्यूहान. वय तिशीच्या आतले. घरी बायको होती, नुकतीच जन्मलेली मुलगी होती. तो परीक्षेसाठी राजधानीला गेला आणि मागे त्याची आई अंथरुणाला खिळली. शेजारी म्हणाले, निरोप धाडू. तिने हात हलवून नको म्हटले. "परीक्षा सोडून धावत येईल तो. राहू दे."

ग्यूहान परतला तेव्हा नदीवर धुके उतरले होते. त्या धुक्यातून काही माणसे पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर फावडी टाकून, डोंगराची वाट उतरताना त्याला दिसली. जवळ आल्यावर त्याने ओळखले, ती त्याच्याच आळीतली माणसे होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि माना खाली घातल्या. कोणी काही सांगण्याची गरज उरली नाही. तो तसाच, प्रवासाची वळकटी पाठीवर असतानाच, डोंगर चढून गेला. उंचवट्याची माती अजून ओली होती.

त्या देशात आईबापांचे सुतक तीन वर्षे पाळत. मूल आपल्या पायांवर नीट चालू लागेपर्यंत साधारण तेवढी वर्षे ज्यांच्या अंगाखांद्यावर असते, त्यांच्यासाठी तेवढी वर्षे आपणही द्यावीत, असा त्यामागचा भाव. मुलाने भरड तागाचे, कडा न शिवलेले कपडे घालायचे, कमरेला पेंढ्याचा दोर बांधायचा, हातात काठी धरायची. बाहेर पडावे लागलेच तर खांद्यापर्यंत येणारी रुंद टोपी घालायची. आईबाप गमावलेल्याने आकाशाला तोंड दाखवू नये म्हणून. मांस नाही, मद्य नाही, गाणे नाही. आणि ज्याची माया अगदीच अनावर, तो थडग्याशेजारी झोपडी बांधून तिथेच राही.

ग्यूहानने झोपडी बांधली. देवदाराच्या फांद्यांची आणि पेंढ्याची, आत एक माणूस पाय दुमडून झोपेल एवढीच. सकाळ-संध्याकाळ तो उंचवट्यापुढे वाकून मोठ्याने रडे. पावसाळ्यात आईच्या अंगावर पाणी पडते म्हणून तो स्वतःची चटई उंचवट्यावर पसरी आणि आपण भिजत बसे. हिवाळ्यात बर्फ हातांनी झाडी.

त्याची बायको सोलमे नावाच्या गावची. त्या देशात लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखत, तेव्हा आपणही तिला सोलमेकरीणच म्हणू. ती रोज सकाळी टोपलीत तांदळाच्या पेजेची वाटी ठेवून डोंगरावर जाई, झोपडीच्या दाराशी ती ठेवी आणि कालची घेऊन परत येई. दोघांमध्ये दोन शब्द झाले तर झाले.

हळूहळू त्या जागेची कीर्ती पसरली. वाटसरू आपली वाट वाकडी करून या मातृभक्ताला पाहायला येत, दुरूनच हात जोडत. कोणी सांगे की रोज पहाटे एक वाघ डोंगरातून येऊन त्याच्या झोपडीशी राखण करत बसतो. ग्यूहानने वाघ पाहिला होता की नाही, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते. धुके दाट झाले की काहीतरी पिवळसर, उबदार असे झाडांमधून सरके, इतके मात्र खरे. त्याचे दिवस आणि त्याच्या झोपा एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. उंचवट्याच्या उतारावर आई पाय पसरून बसलेली त्याला दिसे. तरुणपणी बसायची तशी, मांडीवर तागाचा धागा वळत. तो तिला राजधानीतल्या गोष्टी सांगे. वेशीवरचे कंदील, नदीवरचे पूल, परीक्षेच्या पटांगणात वाऱ्याने उडालेले कागद. ती ऐके, धागा वळत राही. एक शब्द मात्र कधी बोलत नसे. त्याला वाटे, आज नाही तर उद्या बोलेल. मी इथून हललो आणि नेमकी तेव्हाच बोलली तर?

तीन वर्षे सरली. शेवटच्या विधीला गाव वर आले. त्या गावात एक वृद्ध आचार्य होते. ग्यूहानचा हात धरून पहिले अक्षर त्यांनीच गिरवून घेतले होते, आणि गावात कोणी गेले की सगळे विधीही तेच सांगत. सर्वजण त्यांना गुरुजी म्हणत. त्या दिवशी त्यांनी विधी यथासांग पार पाडला. त्यानंतर तागाचे कपडे उतरवून जाळायचे असतात, आणि साध्या कपड्यांत घरी जायचे असते.

"तुम्ही पुढे व्हा," ग्यूहान म्हणाला. "मी येतोच मागून."

तो आला नाही. कपडेही उतरवले नाहीत. पाने गळली, बर्फ पडला आणि वितळला, तरी डोंगरावर ती रडण्याची हाळी सकाळ-संध्याकाळ उठतच राहिली. गावाला त्याचा अभिमान वाटला. अधिकाऱ्यांकडे शब्द टाकू, याच्या दारापुढे मातृभक्त म्हणून लाल कमान उभी राहील, असे मोठी माणसे बोलू लागली.

गुरुजी एकदा काठी टेकत वर गेले. झोपडीपुढच्या दगडावर बसून दम खाल्ला. मग म्हणाले, "विधी संपला, बाळ."

"विधी संपतो, गुरुजी. दुःख संपतं का?"

"नाही संपत."

"मग मी खाली जाऊन काय करू? हसू? लोकांबरोबर दारू पिऊ? आई शेवटचा श्वास घेत होती तेव्हा मी परीक्षेला बसलो होतो. आईबापांसाठी केलेलं कधीच पुरेसं होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मीच शिकवलं," गुरुजी म्हणाले. त्यांनी दरीकडे पाहिले. खाली गावातल्या चुलींचा धूर एकमेकांत मिसळत होता. मग उठले आणि काही न बोलता उतरून गेले. ग्यूहानला वाटले, गुरुजींना आपले म्हणणे पटले.

वसंत आला. एके सकाळी सोलमेकरीण पेज वाटीत ओतून टोपलीवर फडके झाकत होती. तिची मुलगी बुनी आता चांगली चालती-बोलती झाली होती. ती आईच्या मागे येऊन उभी राहिली, कपाळाशी दोन्ही हात नेले, गुडघे टेकले आणि टोपलीपुढे जमिनीला डोके लावून नमस्कार केला. आजीच्या श्राद्धाला नैवेद्याच्या पाटापुढे मोठी माणसे करतात तसा, अगदी हुबेहूब.

"हे काय गं?" आईने विचारले.

"बाबांना," बुनी म्हणाली. "आजीला करतो ना, तसा."

"बाबा काही आजीसारखे..." सोलमेकरीण म्हणू लागली.

"ते पण डोंगरावर असतात. त्यांना पण आपण जेवण नेतो. आणि ते पण जेवत नाहीत." बुनीने कालची वाटी दाखवली. ती गेली तशीच भरलेली परत आली होती. अलीकडे बहुतेक दिवस तशीच येई.

सोलमेकरीण त्या दिवशी डोंगरावर गेली नाही. मुलीला कडेवर घेऊन ती गुरुजींच्या दारी गेली. इतक्या दिवसांत तिने कोणापुढे तोंड उघडले नव्हते. मातृभक्ताच्या बायकोने काय बोलायचे?

"गुरुजी, पोरीला वाटतं तिचे बाबा वारलेत," ती म्हणाली. "आणि तिला खोटं कसं पाडू, ते मला सुचेना."

गुरुजींनी बुनीकडे पाहिले. मग विचारले, "त्याचा एखादा अंगरखा आहे घरात? अंगात घातलेला, नुसता धुऊन ठेवलेला नाही?"

"राजधानीहून आले तेव्हा घातलेला आहे. मी धुतला नाही तो."

"आण. आणि शिडी कोणाकडे आहे, ते बघ."

इथे एक रीत सांगायला हवी, म्हणजे पुढे गावाला धक्का का बसला ते कळेल. त्या देशात माणसाचा श्वास थांबला की कोणीतरी त्याचा वापरलेला अंगरखा घेऊन घराच्या छपरावर चढे. आढ्यावर उभे राहून उत्तरेकडे तोंड करी, कारण जीव तिकडे जातो अशी समजूत. मग अंगरखा हवेत हलवत, मृताचे नाव घेऊन तीनदा हाक मारी, "परत ये!" जीव फार लांब गेला नसेल तर आपल्या कपड्याच्या वासाने मागे वळेल, ही आशा. तीन हाकांनी तो आला नाही की अंगरखा खाली आणून प्रेतावर पांघरायचा. तोवर घरात कोणी रडत नसे. रडणे त्यानंतर सुरू होई.

जिवंत माणसाच्या नावाने ही हाक कोणी कधी मारली नव्हती. तसा विचारसुद्धा अशुभ.

शिडी लागली. सोलमेकरणीने ती दोन्ही हातांनी धरली होती. "गुरुजी," ती हळूच म्हणाली, "आणि नाही आले तर?"

गुरुजी पहिल्या पायरीवर थांबले. "नाही आला, तर पोरी, तू पांढरे कपडे घाल आणि मनसोक्त रड. तुझं सुतक तरी एकदाचं सुरू होईल. जे सुरू होतं ते कधीतरी संपतं."

सकाळचे ऊन नुकते कुठे धुक्यात शिरत होते. शाकारलेल्या छपरावर, दोन्ही पाय फाकून, तोल सांभाळत म्हातारा उभा राहिला. पाणी भरायला निघालेल्या बायका जागच्या जागी थिजल्या. "गुरुजी, काय करता हे?" एकजण ओरडला. "कोण गेलं त्या घरात?" गुरुजी उत्तरेकडे वळले. डोंगर गावाच्या उत्तरेलाच होता. त्यांनी अंगरखा हलवला आणि हाक मारली, "ग्यूहान! परत ये!"

ती हाक दरीतून चढत गेली. ग्यूहान तेव्हा उतारावर बसला होता आणि आई समोर धागा वळत होती. आपले नाव कानावर आले तसा तो हर्षाने शहारला. बोलली, शेवटी बोलली! त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. तिचे ओठ मिटलेलेच होते. तिची मान मात्र वळली होती. खाली, गावाच्या दिशेला.

दुसरी हाक आली. या वेळी त्याने आवाज ओळखला, आणि हाक कसली आहे तेही ओळखले. तो उठून उभा राहिला. आपण मेलो की काय? त्याने हात समोर धरले. ते धुक्यात फिकट, काटकुळे दिसत होते, आणि कोणाचेही असू शकले असते. कधी मेलो? हिवाळ्यात? खरे सांगायचे तर त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. बरेच वाटले. इथेच बसून राहिले की झाले, आता कुठे जायला नको. आणि मग त्याला आठवले की तिसरी हाक शेवटची असते. त्यानंतर अंगरखा खाली नेतात आणि घरात रडायला सुरुवात करतात. कोण रडेल? सोलमेकरीण रडेल. एवढ्या काळात तिचे रडणे आपण एकदाही ऐकलेले नाही.

तिसरी हाक आली तेव्हा तो धावत होता. पायातले गवती जोडे सुटून पडले. काठी केव्हाच हातातून गेली होती. काट्यांनी तागाचे कपडे फाटले. "आलो!" तो ओरडत होता. "आलो, थांबा!"

गुरुजी आढ्यावर अंगरखा उंच धरून तसेच उभे होते. तिसऱ्या हाकेनंतर तो खाली टाकायचा असतो, पण त्यांनी तो टाकला नव्हता. म्हाताऱ्याचे दंड लटलट कापत होते. अंगणात सगळे गाव गोळा झाले होते. काही बायकांनी तिकडच्या रीतीने "आयगो, आयगो" असा आकांत करत तोंडाला बाही लावली होती. ग्यूहान गर्दी दुभंगत आत शिरला.

"गुरुजी! मी जिवंत आहे!" त्याला धाप लागली होती, आणि तो रागाने लाल झाला होता. "जिवंत माणसाला कोणी अशी हाक मारतं? हे काय आरंभलंत तुम्ही?"

"मला कशाला सांगतोस?" गुरुजी वरून म्हणाले. "मला ठाऊक आहे. त्यांना सांग."

ग्यूहान वळला. शिडी धरून त्याची बायको उभी होती. तिच्या घागऱ्याआडून एक लहान मुलगी त्याच्याकडे डोळे विस्फारून पाहत होती. तो राजधानीला निघाला तेव्हा ती दोन्ही हातांत मावत होती.

"आई," तिने विचारले, आणि अंगण इतके शांत होते की सर्वांना ऐकू गेले, "मेलेले पण पळतात का?"

ग्यूहानचा राग तिथेच गळून पडला. तो मटकन खाली बसला. त्याने काही बोलायला तोंड उघडले.

"ते नंतर बोल," गुरुजी म्हणाले. "आधी मला खाली उतरव. चढलो खरा, उतरायचा विचार केला नव्हता."

त्याने गुरुजींना खांदा देऊन उतरवले. माणसे पांगली. दोघे ओसरीवर बसले. गुरुजी आपले गुडघे चोळत होते. मग ग्यूहानने विचारले, "मी वर जिच्याशी बोलत होतो, ती कोण होती?"

"तुझी आईच. दुसरी कोण असणार?" गुरुजी म्हणाले. "पण तिनं कधी उत्तर दिलं?"

"नाही."

"ती गेली तेव्हा याच छपरावरून मीच तिला हाक मारली होती. फार मोठ्यानं मारली. घसा बसला माझा. सगळ्यांनी ती ऐकली, तुझी आई येत नाही हे पाहिलं, आणि मग ते रडले. तू तेव्हा इथं नव्हतास. तुझ्या कानांवर ती हाक पडलीच नाही, म्हणून तुझ्या मनात आई अजून यायची आहे. तू सुतक पाळलं नाहीस, बाळ. तू वाट पाहिलीस. आमच्या वाडवडिलांनी सुतकाला तीन वर्षांची सीमा घातली, ती माया तेवढ्यात आटते म्हणून घातली नाही. मायेला सीमा नसते हे त्यांना माहीत होतं, म्हणून घातली. नाही तर चांगली मुलं डोंगरावरून परत आली नसती, आणि गावात फक्त वाईट मुलं उरली असती."

ग्यूहान डोळे मिटून ऐकत होता.

"मी आयुष्यात किती छपरांवर चढलो, त्याची मोजदाद नाही," गुरुजी म्हणाले. "आईबापांना हाका मारल्या, मित्रांना मारल्या. माझ्या स्वतःच्या मुलालाही मारली. कोणी आलं नाही. हाक ऐकून धावत आलेला तू पहिलाच."

एवढे बोलून ते उठले आणि घरी गेले.

सोलमेकरणीने पेज आणली, बरोबर मीठ आणि थोडी भाजी. बुनी समोर उकिडवी बसून पाहत राहिली. तो घास घेई तेव्हा तिची नजर वाटीतून त्याच्या तोंडाकडे जाई आणि पुन्हा वाटीकडे येई. वाटीचा तळ दिसू लागला तशी ती आईकडे वळली, आणि आईचा हात घट्ट धरून हलवू लागली. सोलमेकरणीने तोंड फिरवले. मग ती रडली. ग्यूहानने ते रडणे शेवटपर्यंत ऐकले.

दुपारी त्याने नदीवर अंघोळ केली, तागाचे कपडे काठावरच जाळले आणि घरी येऊन, खालून चुलीच्या धगीने तापणाऱ्या उबदार जमिनीवर आडवा झाला. त्याला गाढ झोप लागली. पुष्कळ दिवसांत प्रथमच झोपेत आई आली नाही. जाग आली तेव्हा ऊन कलले होते, शेजारच्या घरी कोणीतरी भात कांडत होते आणि मुसळाचा ठेका भिंतीतून येत होता. आई आली नाही हे लक्षात येऊन त्याला वाईट वाटेल असे त्याला वाटले. तो त्या दुःखाची वाट पाहत तसाच पडून राहिला. ते आले नाही. दाराशी बुनी उभी होती, आत यावे की नाही या विचारात. त्याने अंग सरकवून चटईवर जागा केली.

आपल्याही ओळखीत कोणीतरी अजून डोंगरावरच बसलेले असेल, तर त्याची थोरवी दुरून गाण्यापेक्षा त्याला एकदा नावाने हाक मारून पाहावी.